वेचणी व मालवाहतुकीच्या हंगामात वाहनात बसणाऱ्या मजुरांच्या सुरक्षिततेबाबत सल्ला

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विदर्भात कापसाची वेचणी भरात असते, वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालते आणि भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी होते. त्यामुळे एरवी बैलबंडीखेरीज फारसे काही न फिरणाऱ्या पांदण रस्त्यांवर, शेतात आणि जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात ट्रक, मेटाडोर व ट्रॅक्टर-ट्रॉली एकमेकांसमोर येतात. अशा ठिकाणी धडक झाली, तर वाहनात बसलेल्या माणसांना होणारी इजा बहुतांशी टाळता येण्यासारखी असते.

शेतात गाडी हळू चालते, त्यामुळे काही होणार नाही, ही समजूत प्रथम सोडावी. दोन आसांच्या भरलेल्या ट्रकचे वजन १५ टनांहून अधिक असू शकते आणि एवढे वजन माणसाच्या चालीच्या वेगाने जरी ट्रॉलीला टेकले, तरी ट्रॉलीच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसलेल्या मजुराचा पाय दोन पत्र्यांमध्ये चिरडतो. कापसाच्या ढिगावर बसलेल्यांना धरायला काहीच नसते. हिसका बसताच ते खाली, अनेकदा चाकाजवळ पडतात. ट्रॅक्टरचे मडगार्ड आणि ट्रॉली जोडण्याचा हूक या जागांवर कोणत्याही कारणाने कोणालाही बसू देऊ नये. केबिनमध्ये जितक्या सीट तितकीच माणसे बसवावीत आणि पट्टा असेल तर तो शेतातही लावावा, कारण गुडघा व डोके समोर आदळण्यासाठी डांबरी रस्ताच लागतो असे नाही. मजुरांची ने-आण मालवाहू वाहनाऐवजी प्रवासी वाहनाने करावी. भाडे वाचवण्यासाठी माल आणि माणसे एकाच फेरीत नेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, पण ती धोक्याचीच आहे.

पांदणीवर दोन वाहने समोरासमोर आली की खरी कसोटी लागते. भरलेल्या वाहनाला थांबू द्यावे, रिकाम्याने मागे जावे, हे सर्वसाधारणपणे योग्य. परंतु ट्रॉली मागे घेताना ती आडवी वळते आणि काळ्या मातीचा धुरा (बांध) ओला असेल तर कडेचे चाक खचून वाहन दुसऱ्यावर कलंडते. म्हणून वाहन मागे घेण्यापूर्वी त्यातील सर्वांना उतरवून बाजूच्या शेतात, वाहनांच्या रांगेपासून दूर उभे करावे, आणि एकाच माणसाने चालकाला दिसेल अशा जागेवरून इशारे द्यावेत. चार जण चार बाजूंनी ओरडू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपूर भागात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. शेवटची फेरी त्याआधी निघेल अशा बेताने वेचणी थांबवावी आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावावा.

जिनिंग किंवा बाजार समितीच्या आवारात वजनकाट्यासाठी रांग रात्रभर लागते आणि माणसे मालावरच झोपतात. मागच्या वाहनाचा ब्रेक सुटून ते पुढच्यावर आदळू शकते, त्यामुळे उभ्या वाहनाला हँडब्रेक लावून चाकाखाली दगड किंवा लाकडी ओंडका द्यावा, फाळक्यावर (मागच्या झडपेवर) पाय सोडून बसू नये आणि झोपायचे तर रांगेबाहेर झोपावे.

धडक झाल्यास दोन्ही वाहनांचे इंजिन बंद करून १०८ वर फोन करावा व गट क्रमांकाऐवजी जवळचे मंदिर, शाळा किंवा फाटा सांगावा; पांदणीच्या तोंडाशी एक माणूस उभा ठेवावा. मान किंवा पाठ दुखत असलेल्या जखमीला ओढून काढू नये, मात्र आग लागण्याचा धोका असेल तर थांबू नये. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. पोटाला मार लागलेला माणूस बोलता-चालता दिसला तरी आतून रक्तस्राव होत असू शकतो; त्याला खायला-प्यायला न देता दवाखान्यात न्यावे.

अपघात खासगी शेतात झाला तरी पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्यावा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात, पण ती १० ते ७५ वयोगटातील शेतजमिनीचा खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजुराला तिचा आधार नाही. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या सुमारास स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे मजुरांना बोलावणाऱ्या कास्तकाराने त्यांचा अपघात विमा बँकेतून हंगामापूर्वीच उतरवून घ्यावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये असून तो १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला घेता येतो.