कार्पेथो-युक्रेनचा इतिहास वाचायला घेताय? मग मार्च 1939 पासून सुरुवात करू नका

कार्पेथो-युक्रेन म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाचा डोंगराळ प्रदेश, ज्याने मार्च 1939 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि लगेच गमावलं. या विषयावर बहुतेक ठिकाणी "एका दिवसाचं प्रजासत्ताक" एवढीच ओळ सापडते आणि विषय तिथेच गुंडाळतात, मला ते फार खटकतं, कारण त्या दिवसाआधी पाच महिने तिथे स्वायत्त सरकार चाललेलं. म्हणून सुरुवात ऑक्टोबर 1938 पासून करा.

आधी नकाशा उघडा. युक्रेनच्या पश्चिम टोकाला आजचा झाकारपात्या प्रांत दिसेल, त्यात उझहोरोद, मुकाचेवो, बेरेहोवे आणि खुस्त शोधा. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग हंगेरीत होता, 1919 च्या तहात चेकोस्लोव्हाकियाला मिळाला, तेव्हाच स्वायत्तता द्यायचं कबूल केलेलं पण प्रागने ते जवळपास वीस वर्षं लटकवत ठेवलं. म्युनिक करारात (सप्टेंबर 1938) चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला द्यावा लागला आणि प्राग कमजोर पडलं तेव्हा कुठे ती पदरात पडली. पहिले पंतप्रधान आंद्री ब्रोदी हंगेरीशी संधान बांधल्याच्या आरोपावरून महिन्याभरातच तुरुंगात गेले, मग आले अवगुस्तिन वोलोशिन, ग्रीक कॅथलिक पाद्री आणि शिक्षक.

आता पेन्सिल घ्या आणि 2 नोव्हेंबर 1938 ची रेघ मारा. जर्मनी-इटलीच्या व्हिएन्ना निवाड्याने खुस्त सोडून वरची तिन्ही शहरं हंगेरीला दिली. सपाट सुपीक पट्टा गेला, डोंगर उरले, राजधानी खुस्तला हलवावी लागली. ही रेघ डोळ्यासमोर नसेल तर पुढचं काहीच नीट लागत नाही.

निवडणुकीचा आकडा जपून वाचा. 12 फेब्रुवारी 1939 ला 92 टक्क्यांच्या वर मतं युक्रेनियन राष्ट्रीय संघाला पडली, पण यादी ती एकच होती. आणि तिथले सगळे स्लाव लोक स्वतःला युक्रेनियन म्हणत नव्हते, काही रशियाकडे झुकलेले, काहींच्या मते रुसिन हा वेगळाच समाज, शिवाय हंगेरियन आणि ज्यूही होते. तरी उत्साह खोटा होता असं मुळीच नाही हं, डोंगरापलीकडच्या, तेव्हा पोलंडच्या ताब्यातल्या गॅलिशियातून तरुण युक्रेनियन पोरं चोरून डोंगर ओलांडून कार्पेथियन सिच या तिथल्या सशस्त्र स्वयंसेवक दलामध्ये भरती व्हायला येत होती, कारण आपल्या राज्याची सुरुवात इथूनच होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग मोठ्या देशांची गणितं बघा. जर्मनी पाठीशी उभी राहील ही आशा होती, प्रत्यक्षात हिटलरने हंगेरीला मोकळं रान दिलं. पोलंडला हंगेरीशी थेट सीमा हवीच होती, म्हणजे हा प्रदेश हंगेरीकडे गेलेला त्यालाही चालणार होता.

शेवटचे दिवस मात्र तारखेवार कागदावर लिहून काढा, नाहीतर हमखास गोंधळ होतो. 14 मार्चला पहाटे खुस्तमध्ये सिच आणि चेक सैन्यातच चकमक, त्याच दिवशी स्लोव्हाकिया वेगळा झाला आणि संध्याकाळी वोलोशिननी स्वातंत्र्य जाहीर केलं. 15 ला खुस्तमध्ये सोयमची, म्हणजे संसदेची बैठक: वोलोशिन अध्यक्ष, निळा-पिवळा झेंडा, युक्रेनियन राज्यभाषा. हंगेरीचं सैन्य तोवर आत घुसलेलं. 16 ला खुस्तजवळ क्रास्ने पोलेची लढाई झाली आणि दोनेक दिवसांत बहुतेक प्रदेश हंगेरीच्या हातात गेला.

इथेच थांबू नका, 1945 पर्यंत वाचा: वोलोशिनना प्रागमध्ये सोव्हिएतांनी पकडलं, जुलैमध्ये ते मॉस्कोच्या बुतिरका तुरुंगात वारले, आणि त्याच उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाकियाने हा प्रदेश करार करून सोव्हिएत युनियनला देऊन टाकला.