नवऱ्याचा आहारतक्ता बायकोला लावू नका : या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा संपली आणि हुरडा खाऊन झाला, की वजन उतरवण्याचा निश्चय करून सोलापुरातील अनेक जोडपी माझ्या व्यायामवर्गात येतात आणि बहुतेकांकडे दोघांत मिळून एकच आहारतक्ता असतो. हा तक्ता नवऱ्याला कोणा मित्राने दिलेला असतो आणि बायको तो मुकाट्याने पाळते. इतकी वर्षे शिकवूनही मला सर्वाधिक त्रास याच चुकीचा होतो.

तीन वर्षांपूर्वी आलेले एक दाम्पत्य मी विसरू शकत नाही. दोघेही सकाळी फक्त चहा घेत, संभाजी तलावाच्या बाजूला पळायला जात आणि पहिले जेवण दुपारी एकला करत. दोन महिन्यांत नवऱ्याचे सहा किलो वजन उतरले, बायकोचे जेमतेम दोन; म्हणून तिने एका भाकरीची अर्धी केली आणि पळण्याचे अंतर वाढवले. पुढे तिची पाळी चुकली, केस गळू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. मी तिचे पळणे थांबवून तिला डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघाले. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. मी पहिल्याच आठवड्यात तिला पाळीविषयी विचारायला हवे होते; ते राहून गेले, याची खंत मला आजही आहे.

व्यायाम वाढवून खाणे तोडले, की शरीर आधी पाळीवर काटकसर करते आणि पाळी बंद राहिली की हाडेही झिजू लागतात. शिवाय दर महिन्याला रक्त जात असल्याने बाईला लोह जास्त लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर बाईला २९ मिलिग्रॅम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत आणि २५ टक्के पुरुषांत रक्तक्षय आढळला. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईला उपाशीपोटी पळायला लावणे मला मान्य नाही. म्हणून आता मी पहिल्याच दिवशी हिमोग्लोबिनचा अहवाल मागते, पाळीच्या तारखा वहीत लिहून घेते, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायला सांगते आणि जेवणानंतर तासभर चहा बंद करते, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

दुसरी चूक म्हणजे वजन उचलले की दंड पुरुषासारखे होतील, ही भीती. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारे संप्रेरक, पुरुषाच्या तुलनेत फारच कमी असते, त्यामुळे तसे दंड सहजासहजी होत नाहीत. उलट पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते आणि तेव्हा आधी कमावलेले स्नायू उपयोगी पडतात. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडे पाठदुखी घेऊन येतात आणि घरकाम हाच व्यायाम आहे असे म्हणतात. घरकामाने त्या थकतात हे खरे, पण त्यात भार टप्प्याटप्प्याने वाढत नाही. त्यांना मी पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठबस करायला लावते आणि ते सोपे वाटू लागले की पिशवी जड करते.

पुरुषांनी छाती आणि दंडांबरोबर पायांचाही व्यायाम करावा. त्यांची चरबी पोटात साठते, म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावी : भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी जरूर खावी, मात्र १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, म्हणून ती चमच्याने मोजून घ्यावी. लवकर शरीर कमावण्यासाठी कोणी इंजेक्शन सुचवले, तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नये.

पंधरा दिवसांत काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांत बायका अधिक असतात. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठते आणि वजन किलोभर वाढलेले दिसू शकते. त्याच आठवड्यात नवऱ्याचा काटा खाली आला असेल, तर तिचा धीर सुटतो. माझ्या वर्गात बायकांचे वजन पाळी संपल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी होते आणि त्याची तुलना फक्त मागच्या महिन्यातील त्याच दिवसाशी केली जाते.