सुपारी फोडण्याआधी: आनुवंशिक आजारांबाबत या चुका टाळा

लग्न जमवताना आमच्या सोलापूरकडे विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. गोत्र कोणतं, देवक कोणतं, रास-नक्षत्र काय, एकनाड तर येत नाही ना. अलीकडे शिकलेल्या घरांतून त्यात एकाची भर पडली आहे: रक्तगट काय? कुणीतरी रक्तापर्यंत पोचलं म्हणून बरं वाटतं, पण विचारायचं ते राहूनच जातं. मी लॅबमध्ये काम करतो. रक्तगटाचा कागद हातात घेऊन "जुळतंय का?" असं विचारणारे वधू-वरांचे बाप काऊंटरवर नेहमीचे. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा माग दाखवणारं एचबी-ए२ विचारणारे मात्र क्वचित.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की मूल अधू निघतं, या समजुतीला काडीचाही आधार नाही. ए, बी, ओ हे गट रक्त चढवताना कामाला येतात. लक्ष द्यायचं ते आरएच कडे, म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हकडे. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं आणि पुढच्या बाळंतपणात त्रास होऊ शकतो. त्यासाठी अँटी-डी चं इंजेक्शन आहे: साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. एवढ्यावर काम भागतं, लग्न मोडायचं कारण नाही.

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही"

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. घराण्यात आजार दिसत नाही याचा अर्थ घराण्यात बिघडलेलं जनुक नाही, असा होत नाही.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवणारं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे त्याच्याही दोन प्रती. त्यातली एक बिघडलेली आणि एक चांगली असेल तर चांगली प्रत काम निभावून नेते. माणूस शेतात राबतो, लूम चालवतो, चार बाळंतपणंही होतात. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी. यालाच थॅलेसेमिया मायनर म्हणतात, आणि हा आजार नव्हे. अशी माणसं फक्त वाहक. पिढ्यानपिढ्या हे जनुक गुपचूप पुढे जातं आणि ज्या दिवशी दोन वाहकांचं लग्न लागतं त्या दिवसापासून धोका सुरू होतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी शंभरात ३ ते ४ आहेत, आणि काही समाजांत याहून बरेच जास्त.

दोघं वाहक असतील तर मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची, म्हणजे रक्त चढवत राहावं लागणारा थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, आणि पूर्ण निर्धोक राहण्याची २५ टक्के. इथे लगेच दुसरी चूक होते. "चारात एक ना? एक झालं, आता पुढची तीन चांगली निघतील." तसं होत नाही. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात आणि मागच्या वेळी काय निघालं याची आठवण त्या डब्याला नसते. दुसऱ्या खेपेलाही २५ टक्केच, तिसऱ्यालाही तेवढेच. लागोपाठ दोन मुलं थॅलेसेमिया मेजरची असलेली घरं असतात, ती याच हिशोबाने.

"गोत्र वेगळं आहे की"

इथे जरा थांबतो, कारण आमच्या भागात खरी गोची इथेच आहे. सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारी घरं एका गल्लीत राहतात, आणि तिन्हींमध्ये मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत कमी-अधिक आहे. काही घरांत तर भाचीचं लग्न सख्ख्या मामाशीच लागतं. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार असतं, "आमच्यात चालतंय की. गोत्र बी वेगळं, देवक बी वेगळं."

गोत्र वेगळं असणारच, कारण गोत्र बापाच्या बाजूने चालतं. मामाची मुलगी मामाच्या गोत्राची, मुलगा आपल्या बापाच्या. गोत्राची चाळणी तिला पकडतच नाही. उलट पंधरा-वीस पिढ्यांपूर्वी एका मूळपुरुषापासून फुटलेली, आज एकमेकांना ओळखतही नसलेली सगोत्र मुलं तिच्यात अडकतात. त्यांच्यात त्या मूळपुरुषाचं सामायिक असं जवळपास काहीच उरलेलं नसतं. मामे-आते भावंडांची मात्र सरासरी १/८ जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, आणि मामा-भाचीची १/४.

हिशोब करून पाहा. समजा आजोळचे आजोबा एखाद्या दुर्मीळ आजाराचे वाहक होते. त्यांच्या मुलीला, म्हणजे मुलाच्या आईला, ते जनुक मिळण्याची शक्यता १/२ आणि तिच्या मुलाला १/४. तिकडे मामाला १/२ आणि मामाच्या मुलीला १/४. दोघंही वाहक असण्याची शक्यता १/१६, आणि बाळ आजारी होण्याची १/६४. याच मुलाने बाहेरच्या मुलीशी लग्न केलं, आणि त्या आजाराचा वाहक दोनशेत एक असा असेल, तर हाच आकडा १/३२०० होतो. पन्नास पट फरक. मामा-भाचीच्या लग्नात तो १/३२ वर येतो. आपल्या प्रत्येकाच्या अंगात अशी काही लपलेली बिघडलेली जनुकं असतातच, त्यामुळे "आपल्यात तसलं काही नाही" असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणत्याही जोडप्याला गंभीर जन्मजात दोष असलेलं मूल होण्याची शक्यता २ ते ३ टक्के असतेच. मामे-आते भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच निघतात, आणि त्याच मुलांकडे बोट दाखवून "बघा, काही झालं का?" असं विचारलं जातं. नात्यातलं लग्न झालेलं असेल तर घाबरून जायचं काम नाही. ठरायचं असेल तर तपासणी करा, आणि शक्य तर बाहेरचं स्थळ पाहा, असं माझं स्पष्ट मत. एकनाड जुळवायला गुरुजींकडे दोन फेऱ्या मारणाऱ्यांना रक्त द्यायला एक फेरी जड जाऊ नये.

"हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या चालू करा"

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट घरी आला की सगळ्यांची नजर पहिल्या आकड्यावर जाते. हिमोग्लोबिन ११. लगेच लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, शेंगदाणा-गूळ. सहा महिन्यांनी पुन्हा ११. मग गोळी बदलतात.

खालचे आकडेही वाचा. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ८० च्या बराच खाली असेल आणि तरीही लाल पेशींची संख्या भरपूर असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान, पण संख्या चांगली किंवा जास्तच. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. ६२ भागिले ५.६, उत्तर ११ च्या आसपास. १३ च्या खाली उत्तर आलं तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता वाढते. हा फक्त इशारा आहे, निदान नव्हे. निदानासाठी एचपीएलसी नावाची तपासणी लागते. तीत एचबी-ए२ चं प्रमाण कळतं, आणि ते साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असलं की माणूस बहुधा वाहक. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, न पाहता वर्षानुवर्षं लोह घेत राहणं वाहकाच्या काहीच उपयोगाचं नाही. मात्र वाहक बाईला गरोदरपणात लोह खरंच कमी पडू शकतं, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत.

एचपीएलसीच्या रिपोर्टमध्येही खाचखळगे आहेत. अंगात लोह फारच कमी असेल तर एचबी-ए२ खाली दबतं आणि वाहक माणूस "नॉर्मल" दिसू शकतो. आकडा काठावर असेल तर लोह भरून काढून पुन्हा तपासा. आणि बाळाला रक्त चढवल्यानंतर लगेच त्याची एचपीएलसी करणं म्हणजे रक्तदात्याची तपासणी करण्यासारखं. पिशवी लावण्याआधीच नमुना काढून ठेवायचा. ते राहून गेलं तर आई-वडिलांची तपासणी करायची, तिने बरंच उलगडतं.

आणखी एक गैरसमज विदर्भातून किंवा नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांशी सोयरीक होते तेव्हा निघतो. "त्यांच्यात सिकलसेल आहे, आमच्यात थॅलेसेमिया, दोन वेगळे आजार, मग चिंता कसली?" आजारांची नावं वेगळी, जनुक मात्र तेच. सिकलसेलमध्ये बीटा जनुकातलं एकच अक्षर बदलतं, जीएजी च्या जागी जीटीजी होतं, आणि साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्याशा फरकाने लाल पेशी विळ्यासारखी वाकते. थॅलेसेमियात ती साखळी पुरेशी बनतच नाही, आणि ती न बनण्यामागची दोनशेहून अधिक वेगवेगळी म्यूटेशन, म्हणजे जनुकातले बदल, माहीत आहेत. एकाकडून सिकलची प्रत आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाची प्रत आली तर मुलाकडे चांगली प्रत उरत नाही. ते मूल आजारीच असतं.

"हिच्याच माहेरचं आलंय"

बाळात काही वेगळं दिसलं की बोट सुनेकडे. मुली होतात म्हणून तिलाच बोल लावण्याइतकंच हे अडाणीपणाचं आहे. मुलगा की मुलगी, ते बापाकडून एक्स येतो की वाय यावर ठरतं हे नववी-दहावीची पोरंही सांगतील.

थॅलेसेमिया मेजर व्हायला दोन्हीकडची प्रत लागते, त्यामुळे एकट्या माहेराला दोष देता येतच नाही. काही आजार तर कुणाकडूनच आलेले नसतात. प्रत्येक नवजात बाळात आई-वडिलांपैकी कुणातही नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी, क्वचित एखादा नेमक्या जागी बसतो. अकॉन्ड्रोप्लेझिया या बुटकेपणाच्या आजारात दहापैकी आठ मुलांचे आई-वडील सामान्य उंचीचेच असतात. तो बदल नव्याने झालेला असतो, आणि त्याचा संबंध बापाच्या वाढत्या वयाशी जास्त आढळतो.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा, एक्स गुणसूत्रावरचा आजार. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. पण आजारी बापाकडून मुलाला हिमोफिलिया येत नाही, कारण मुलाला बापाचा वाय मिळतो. त्याच्या सगळ्या मुली मात्र वाहक होतात आणि आजार नातवात उगवतो. "मुलगा बरा निघाला, पिडा टळली" म्हणून मुलींची तपासणी सोडून देतात, ती ही जागा. त्यातही सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो.

डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत येते. सुमारे ९५ टक्के वेळा ती पेशी विभागताना झालेली चूक असते, आनुवंशिक नव्हे. थोड्या मुलांत मात्र ते जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटून आलेलं असतं, आणि तशी जोडणी आई किंवा बापाकडून आलेली असू शकते. म्हणून चेहरा बघून निदान पुरेसं मानू नका, मुलाचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घ्या. पुढच्या बाळाचा धोका त्यावरूनच कळतो. आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटत नाही, एवढं बोलून तो विषय सोडतो.

तंबाखू-माव्याने तोंडाच्या पेशींत झालेली म्यूटेशन मुलांना मिळत नाहीत. ती त्या पेशींबरोबर राहतात. याउलट बीआरसीए जनुकातला जन्मजात दोष बापाकडूनही मुलीला येतो, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरची चौकशी आत्याकडेही करायला हवी, फक्त मावशीकडे नाही.

"दिवस गेल्यावर बघू"

तपासणीची योग्य वेळ सुपारी फोडण्याआधी. ते झालं नसेल तर लग्नानंतर, दिवस जाण्याआधी. तेही नाही झालं तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याने त्याच आठवड्यात रक्त द्यायचं, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची वाट बघायची नाही. थॅलेसेमिया सोनोग्राफीत दिसत नाही. गरोदरपणात करतात ती डबल मार्कर ही रक्ताची तपासणीही त्यासाठी नसते.

दोघं वाहक असतील तर साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन, किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल काढून बाळाची तपासणी करता येते. "गर्भाची तपासणी म्हणजे बेकायदा" या भीतीने काही जोडपी विचारतसुद्धा नाहीत. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंग तपासून सांगण्यावर. आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात रीतसर होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था याच कामातली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी दादर.

पण तिथे जाऊन बाळात काय शोधायचं हे आधी माहीत हवं. दोनशेपैकी नेमकं कोणतं म्यूटेशन आई-बापात आहे ते आधीच काढून ठेवलेलं असेल तर गर्भाचं उत्तर वेळेत मिळतं. पहिलं मूल कशाने आजारी आहे हेच ठरलेलं नसेल तर दुसऱ्या खेपेला डॉक्टर अंधारात राहतात. म्हणून एक कटू गोष्ट. मूल फार आजारी असेल आणि निदान झालेलं नसेल, तर त्याच्या रक्ताचा नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत काढून डीएनए साठवून ठेवायला सांगा. ते बोलणं आई-बापाला त्या वेळी सुचत नाही, म्हणून घरातल्या काका-मामाने पुढे होऊन सांगावं, आणि नमुना कुठे ठेवला त्याची पावती फाईलला लावावी.