वाचक-सल्ला सुरू करताय? या चुका टाळा

बडोद्यात वाचनालयाचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, पुढे पेट्या भरून खेडोपाडी पुस्तकं गेली. तरी वाचक-सल्ला, म्हणजे 'वाचकाला पुस्तक सुचवू या', म्हटलं की सहकारी कपाळाला आठ्या घालतात. कारण सरळ आहे: त्यांना त्यात वाढीव काम दिसतं.

सगळ्यात महागात पडते ती काउंटरवरच्या माणसाला वगळून थेट कार्यकारिणीकडे धावण्याची चूक. एका वाचनालयात असंच झालं. लांबलचक प्रस्ताव, वेगळं टेबल, रंगीत पाटी, वर मंजुरीसुद्धा. पण देवघेवीच्या खिडकीवरून त्या टेबलाकडे कुणी वाचक पाठवलाच नाही. संध्याकाळच्या रांगेत "ती कादंबरी बाहेर गेलीय" एवढंच उत्तर मिळायचं. खिडकीवरच्याचा काय दोष? त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्या टेबलावर बांधणीला जायच्या पुस्तकांचे गठ्ठे बसले.

टेबल-पाटीचा हट्ट सोडा. खिडकीशेजारी पाच पुस्तकं उभी ठेवा, प्रत्येकात दोन ओळींची चिठ्ठी: कुणाला आवडेल, गोष्ट वेगात जाते की संथ. चिठ्ठी काउंटरवाल्यालाच लिहू द्या. तो गुजराती असेल तर मराठी पुस्तकाच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ गुजरातीत हवी, म्हणजे त्यालाही सुचवता येतं. हातोहात जाणारी पुस्तकं इथे ठेवू नका, ती तशीही जातात. पुस्तकात चिकटवलेल्या परतीच्या तारखेच्या चिठ्ठीवर वर्षभर शिक्का पडला नाही अशी चांगली पुस्तकं निवडा.

समितीपुढे ठेवायचा पुरावाही या पुस्तकांतूनच मिळतो. "वाचक खूश आहेत" हे ऐकून कुठलीही समिती हललेली नाही. वहीत तीन रकाने आखा: दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), ठेवल्याची तारीख, गेल्याची तारीख. वाचकाचं नाव लिहायचं नाही. तीन महिन्यांनी त्याचं एक पान करा, शेजारी त्याच कपाटातल्या न हललेल्या पुस्तकांची संख्या मांडा. एवढा धीर नसलेले आठवडाभरातच ॲप मागतात. त्यांना काय सांगणार!

"काय वाचायला आवडतं?" विचारलंत की वाचक गडबडतो. शेवटचं आवडलेलं पुस्तक आणि त्यात काय आवडलं, ते विचारा.

आपली आवड लादू नका.

"आम्ही एवढं कुठे वाचलंय?" म्हणणाऱ्या सहकाऱ्याला सांगा, मलपृष्ठ, पहिलं प्रकरण आणि मधली दोन-चार पानं चाळली तरी चिठ्ठीपुरतं भागतं.

आणि पैशांची मागणी मार्चमध्ये नेऊ नका. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरातच वहीवरून केलेलं ते एक पान पुढे सरकवा.