पाटी हिरवी, शटर खाली: वेबसाइटवर ‘आत्ता सुरू’ दाखवताना या चुका टाळा

पाचपाखाडीतल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटवर मी ‘आत्ता सुरू आहे’ ही हिरवी पाटी लावली, तेव्हा काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. तिसऱ्याच दिवशी एक आजोबा कळव्याहून रिक्षा करून भर दुपारी तिथे पोचले. पाटी हिरवी, शटर खाली. दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ चालतो. मी फक्त ‘दहा ते नऊ’ एवढंच नोंदवलं होतं. त्या उन्हातला हेलपाटा माझ्या कोडमुळे पडला. तेव्हापासून ही पाटी मी जपून लिहितो.

म्हणून पहिली सूचना वेळांच्या नोंदीबद्दल. डेटाबेसमध्ये ‘उघडण्याची वेळ’ आणि ‘बंद होण्याची वेळ’ असे दोनच रकाने ठेवू नका. नौपाड्यात दुपारी शटर ओढून घरी जेवायला जाणारे दुकानदार अजून पुष्कळ आहेत. प्रत्येक वाराला वेळांची यादी द्या: त्यात एक जोडी असेल, दोन असतील, आणि यादी रिकामी असेल तर त्या दिवशी सुट्टी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टाइमझोनचा, आणि तो लक्षणावरून लगेच ओळखता येतो. साडेनऊ ते नऊ चालणारं दुकान वेबसाइटवर दुपारी तीनला उघडत असेल आणि रात्री अडीचपर्यंत चालू दिसत असेल, तर सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. इथे काही जण ३३० मिनिटं हाताने मिळवतात. काम होतंही, पण फक्त सर्व्हर यूटीसीवर असेपर्यंत. उद्या होस्टिंग बदललं, नवा सर्व्हर आधीच भारतीय वेळेवर निघाला, की दुकान पहाटे चारलाच ‘सुरू’. त्यापेक्षा ‘एशिया/कोलकाता’ हे टाइमझोनचं पूर्ण नाव द्या. ‘आयएसटी’ हे लघुरूप टाळा. आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात.

हिशेब ब्राउझरमध्ये करणार असाल, तर फोनच्या घड्याळाचा टाइमझोन गृहीत धरू नका. नेरूळला राहणाऱ्या आईसाठी मुलगी दुबईतून दुकानाची वेळ बघत असते. तिचा फोन दीड तास मागे असतो. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल डेटटाइमफॉरमॅट’ या वेळ मांडणाऱ्या सोयीला टाइमझोन सांगा आणि तास-मिनिटं तिथून घ्या. त्यातही दोन खड्डे आहेत. ‘अवरट्वेल्व्ह’ या बारा तासांच्या पर्यायाला ‘फॉल्स’ दिलं की काही ब्राउझर मध्यरात्रीच्या तासाला शून्याऐवजी २४ म्हणतात. म्हणून ‘अवरसायकल’ला ‘एच२३’ (तास ० ते २३) द्या. दुसरा खड्डा आपल्या भाषेचा आहे. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, ठरवून दिलं नाही आणि फोन मराठीत असला, तर आकडे देवनागरीत येतात. ‘०९’ हे अक्षरांतून आकडा काढणाऱ्या ‘पार्सइंट’ला आकडा वाटतच नाही, हिशेब कोसळतो आणि पाटी कायमची ‘बंद’. आपलीच भाषा निवडणाऱ्या ग्राहकाला चुकीचं उत्तर मिळावं, हे मला फार लागतं. हिशेबासाठी लोकेल इंग्रजी ठेवा. दाखवताना मराठी दाखवा.

वेळांची तुलना अक्षरांनी करू नका. ‘९:३०’ ही अक्षरमाळ ‘११:००’पेक्षा मोठी ठरते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि नऊ हा एकपेक्षा मोठा. मध्यरात्रीपासूनची मिनिटं काढा: साडेनऊ म्हणजे ५७०. बंद होण्याच्या मिनिटाला दुकान बंदच धरा. वारांचे क्रमांकही तपासा. जावास्क्रिप्टचा ‘गेटडे’ रविवारला शून्य म्हणतो, आपली यादी बहुधा सोमवारपासून लिहिलेली असते.

रात्री एकपर्यंत चालणारी खाण्याची ठिकाणं मात्र वेगळी हाताळावी लागतात. सात ते एक म्हणजे ११४० ते ६०. एखादी वेळ ११४०च्या पुढे आणि ६०च्या आत एकाच वेळी असू शकत नाही, म्हणून पाटी कधीच हिरवी होत नाही. बंद होण्याची वेळ लहान असेल तर तिच्यात १४४०, म्हणजे एका दिवसाची मिनिटं, मिळवा; झाले १५००. मग आत्ताची वेळ आजच्या नोंदीशी ताडा, आणि आत्ताची वेळ अधिक १४४० कालच्या नोंदीशी. सोमवारी सुट्टी असली तरी सोमवारचे पहाटेचे साडेबारा हे रविवारच्याच पाळीत मोडतात.

सणांच्या सुट्ट्या वारावर बसत नाहीत आणि दरवर्षीच्या एकाच तारखेवरही नाहीत. गणेश चतुर्थी २०२५मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६मध्ये १४ सप्टेंबरला आहे. तारीखवार वेगळा तक्ता ठेवा आणि वाराच्या आधी तो बघा. तारीख जावास्क्रिप्टच्या ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने काढू नका, ती यूटीसीची असते, म्हणून पहाटे पाचला उघडणाऱ्या दूधवाल्याला साडेपाचपर्यंत कालचीच तारीख मिळते.

कोड बरोबर, तरीही पाटी चुकीची? कॅश, म्हणजे पानाची आधी साठवलेली प्रत, बघा. सकाळी नऊला साठवलेलं पान दहानंतरही ‘बंद’च सांगत राहतं. पानाबरोबर फक्त वेळा पाठवा, निर्णय ब्राउझरमध्ये घ्या, दर मिनिटाला पुन्हा काढा आणि टॅब परत समोर आल्यावरही काढा.

चाचणीसाठी दुपारचे एक वाजायची वाट बघत बसू नका. फंक्शनला ‘आत्ता’ची वेळ बाहेरून द्या आणि १२:५९, १३:००, रविवार रात्रीचे साडेबारा, चतुर्थीची सकाळ अशा वेळा घालून बघा.

शेवटी, मालकाला फोनवरून दाबता येईल असं ‘आज बंद’ बटण द्याच. पाऊस कोसळून लोकल थांबल्या की दुकान उघडेलच असं नसतं. पण ते बटण त्याच मध्यरात्री आपोआप सुटलं पाहिजे. माझ्या एका ग्राहक काकूंनी ते मंगळवारी दाबलं, विसरल्या, आणि गुरुवारी फोन करून विचारलं, “अहो, दोन दिवस कुणी फिरकलंच कसं नाही?”