दिवाळखोरीच्या आदेशातली नजरचूक कशी दुरुस्त करून घ्यावी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीच्या आदेशात १,२५,४०,००० रुपयांच्या जागी १,५२,४०,००० छापून आले, तर घाईने अपील करू नका. सांगलीच्या कंपन्यांची प्रकरणे मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालतात. तिथे न्यायाधिकरणाच्या नियमावलीतील नियम १५४ खाली, नमुना ९ मध्ये, आदेशापासून २ वर्षांच्या आत अर्ज करा. प्रमाणित प्रत, मूळ दाव्याचे पान आणि चुकीचा-बरोबर मजकूर शेजारीशेजारी जोडा. चूक कागदावरूनच दिसली पाहिजे. युक्तिवाद करून पटवावी लागत असेल तर ती नजरचूक नव्हेच. बहुतेक अर्ज इथेच आपटतात.

आधीच अपील दाखल झाले असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम ४२०(२) नुसार न्यायाधिकरण तो आदेश दुरुस्त करू शकत नाही. उलट, दुरुस्तीच्या भरवशावर अपिलाचे ३० दिवस घालवणेही महागात पडते. पुढे सवलत जेमतेम १५ दिवसांची.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ७ किंवा ९ खाली धनकोने केलेल्या मूळ अर्जातच त्रुटी निघाली, तर नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत सुधारा. प्रतिज्ञापत्राची तारीख हमखास राहते!

व्यक्तीची नादारी १९२० च्या प्रांतीय नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ वापरा. त्याला मुदत नाही.