दरमहा आपोआप पैसे घ्यायचे असतील तर…

सोलापुरातून शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा दरमहा पुण्या-मुंबईला पाठवायचा आणि पैसे कार्डावरून आपोआप कापून घ्यायचे, असा बेत असेल तर पेमेंट गेटवेवाल्याला (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला) आधी विचारा: ‘ई-मॅन्डेट (दरमहा पैसे कापायला ग्राहकाने एकदाच दिलेली ऑनलाइन परवानगी) कोणकोणत्या बँकांच्या कार्डांवर चालतो?’ त्याच्या शुल्काच्या टक्केवारीची घासाघीस नंतर. (त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे मात्र आधीच धरा.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ग्राहकाचा ओटीपी लागतोच. पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते त्याच्याशिवाय जातात, पण किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. म्हणजे आज मनात आलं आणि आजच पैसे कापले, असं होत नाही. चटणी कुटायचा दिवस त्या हिशेबाने ठरवा!

ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड नंबर दुकानदाराला साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, असतं. गेटवे बदलला की बहुधा ग्राहकांना पुन्हा नोंदणी करायला सांगावं लागतं, आणि तिथेच बरेच जण गळतात. म्हणून टोकन दुसरीकडे नेता येईल का, ते लेखी घ्या. गेटवेकडे यूपीआय ऑटोपे (यूपीआयवरून ठरावीक हप्ते आपोआप कापायची सोय) नसेल तर माझ्या मते दुसरा गेटवे बघा.